शंभराचे एकशे वीस

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला एक छोटा हिशेब आहे. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव कुणी नाकारली, कुणाला लुबाडलं, किंवा सापडलेली वस्तू दडवून 'मला मिळालीच नाही' अशी खोटी शपथ वाहिली, तर त्याने काय करायचं? मूळ वस्तू परत करायची आणि वर तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा द्यायचा. शंभर घेतले असतील तर एकशे वीस. ते मंदिराच्या पेटीत टाकायचे नाहीत, ज्याचे आहेत त्याच्या हातात ठेवायचे. त्यानंतर दोषार्पणाचा मेंढा घेऊन याजकाकडे जायचं.

हा क्रम लक्षात घ्या, मंडळी. आधी माणूस, मग वेदी. आज मी जे बोलणार आहे ते बहुतेक या क्रमाबद्दलच आहे. कारण आपल्याकडे कबुलीची देवाकडची बाजू बरी असते, माणसाकडची बाजू मात्र कच्ची राहते.

डोंगरावरील प्रवचनात येशू हाच क्रम पुन्हा सांगतो (मत्तय ५:२३-२४). अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर. हे वचन आपण सर्रास उलटं वाचतो. प्रभुभोजनाआधी आपण स्वतःला विचारतो, 'माझ्या मनात कुणाविषयी काही आहे का?' आणि नाही असं उत्तर मिळालं की निश्चिंतपणे पुढे जातो. येशूने विचारलेला प्रश्न तो नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी काय आहे, हा प्रश्न आहे. ज्याने दुखावलं तो सहसा विसरलेला असतो, म्हणून त्याचं मन स्वच्छच असतं.

इथे कुणी ५१व्या स्तोत्राचा आधार घेतो. 'तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केलं' असं दावीद राजा देवाला म्हणतो ना? मग माणसांचा प्रश्न कुठे उरतो? पण ते स्तोत्र कोणत्या वेळी म्हटलं गेलं ते पाहा. शीर्षकातच लिहिलंय: नाथान संदेष्टा त्याच्याकडे आल्यावर. तोवर उरीया, ज्याची बायको दावीदाने घेतली होती तो सैनिक, मेलेला होता. ज्याची क्षमा मागायची तो माणूसच दावीदाने मारून टाकला होता. त्या 'केवळ' या शब्दात माणसांपासून सुटका नाही. राजाला जाब विचारणारं वर कुणीतरी आहे, ही त्यातली कबुली आहे. शिवाय भरपाईचा आकडा दावीदाने स्वतःच्या तोंडाने आधीच सांगून टाकला होता. नाथानाने गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा तो तडकून म्हणाला, त्या माणसाने चौपट भरलं पाहिजे.

हे चौपट आलं निर्गमच्या २२व्या अध्यायातून. चोरलेली मेंढी कापली किंवा विकली तर एकीच्या चार, बैल असेल तर एकाचे पाच, आणि जनावर चोराकडे जिवंत सापडलं तर दुप्पट. आता हे दर लेवीयच्या दराशेजारी ठेवा. पकडला गेलेला चोर दुप्पट, चौपट, पाचपट भरतो. आपला दोष ओळखून परत करणारा भरतो सव्वापटीहूनही कमी. नियमशास्त्राने स्वतःहून येणाऱ्यासाठी दार मुद्दाम रुंद ठेवलं आहे, असं मला यातून दिसतं. आणि म्हणूनच जक्कय हा जकातदार मोठा वाटतो. लूकच्या १९व्या अध्यायात त्याला कुणी पकडलेलं नाही, तरी तो स्वतःला पकडलेल्या चोराचा दर लावून घेतो: कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट देतो. शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. या दोन रकमा वेगळ्या आहेत. गरिबांना दिलेलं दान हे ज्याला लुबाडलं त्याची भरपाई होत नाही. चर्चच्या दानपेटीत जास्तीची रक्कम टाकून मन हलकं करणाऱ्यांनी जक्कयाचा हा हिशेब नीट वाचावा.

आता शब्दांकडे वळू. आपला 'पश्चात्ताप' हा शब्द म्हणजे मागाहून होणारा ताप, जळजळ. हिब्रूमधला 'शूव' हा शब्द पायांचा आहे: वळणे, परत फिरणे. ग्रीक 'मेटानोइया' मनाचा आहे: विचारच बदलणे. आणि १ योहान १:९ मध्ये पाप कबूल करण्यासाठी जे क्रियापद आहे, 'होमोलोगेओ', त्याचा धातुगत अर्थ 'तेच म्हणणे'. देव ज्या गोष्टीला जे नाव देतो तेच नाव आपण देणे. मराठी शब्द ऐकून आपण जळजळीलाच कबुली समजतो. रडू आलं की काम झालं असं वाटतं. पण रडणं शौल राजालाही येत होतं.

शौलाची कबुली, १ शमुवेल १५, हा खोट्या कबुलीचा धडाच आहे. अमालेक्यांची सगळी गुरं नष्ट करायची आज्ञा होती, चांगली चांगली मागे ठेवली. शमुवेल संदेष्टा येतो तेव्हा शौल आधी म्हणतो, मी आज्ञा पाळली. मेंढरांचं बेंबटणं ऐकू येतंय असं सुनावल्यावर म्हणतो, लोकांनी ठेवली. मग, अर्पणासाठी ठेवली. मग, पाप केलं खरं, पण लोकांना भ्यालो. आणि शेवटी जे म्हणतो त्यात सगळं उघडं पडतं: पाप केलं आहे, तरी वडीलजनांसमोर माझा मान राखा. नाथानासमोरची दावीदाची कबुली (२ शमुवेल १२) मूळ हिब्रूत दोन शब्दांची आहे: परमेश्वराविरुद्ध पाप केलं. पुढे स्पष्टीकरण नाही. त्याला क्षमा लगेच मिळते, त्याच वचनात. पण परिणाम टळत नाहीत. क्षमा झाली म्हणजे शिक्षा, पदत्याग, तुटलेला विश्वास हे सगळं पुसलं गेलं पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्याने दावीदाचा हा अध्याय पुरता वाचलेला नसतो.

मग नेमकं म्हणायचं कसं? येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राचं, बापाकडे परत निघालेल्या मुलाचं, वाक्य (लूक १५) नमुना म्हणून घ्या. डुकरांमध्ये बसून तो वाक्य आधी जुळवतो, हे मला फार आवडतं. कबुलीची तयारी करण्यात ढोंग नाही. त्याच्या वाक्यात तीन भाग आहेत: मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यासमोर पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी योग्य नाही, मला मोलकऱ्यासारखं ठेवा. यात काय नाही ते बघा. दुष्काळ नाही. दुष्काळ खरोखर पडला होता, लूकने तो सांगितला आहे, पण मुलगा तो कारण म्हणून पुढे करत नाही. आणि घरी पोचल्यावर तिसरा भाग त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण तोवर बापाने अंगरखा मागवलेला असतो.

या कामात मराठी आपल्याला एक पळवाट देते, तिच्यापासून जपा. आपण म्हणतो 'चूक झाली', 'हातून घडलं', 'बोललं गेलं'. पाऊस पडावा तशी चूक आपोआप होते, कर्ता गायब. 'मी' कर्ता आणि 'केलं' क्रियापद, असं सरळ वाक्य म्हणा: 'त्या बैठकीत मी तुझ्याबद्दल खोटं सांगितलं.' दुसरी पळवाट 'जर'ची: 'तुझं मन दुखावलं असेल तर माफ कर.' यात दुखावून घेण्याचा दोष त्याच्याच माथी जातो. तिसरी 'पण'ची. कबुलीत 'पण' आला की त्याच्या आधीचं सगळं वाया. चूक सांगून झाली की तिने समोरच्याचं काय नुकसान झालं तेही आपणच सांगावं, त्याच्याकडून वदवून घेऊ नये. भरपाई काय आणि कधी करणार ते सांगावं, आणि मग थांबावं. 'मग, केलंस ना माफ?' असं लगेच विचारणं म्हणजे कर्जदारानेच पावती मागायला उभं राहणं.

कुणाजवळ कबूल करायचं, याचा साधा नियम असा: जेवढ्या वर्तुळात पाप पोचलं, तेवढ्या वर्तुळात कबुली. मनातल्या मनात कुणाचा हेवा केला असेल तर तो देवाजवळ. 'गेली पाच वर्षं मी तुझा द्वेष करत होतो' असं त्या बिचाऱ्याला जाऊन सांगण्याने आपण हलके होतो आणि तो जड होतो. एकाला दुखावलं तर त्या एकाजवळ, आणि सर्वांसमोर बदनामी केली असेल तर सर्वांसमोर. इथे खासगी माफी पुरत नाही, कारण अफवा खासगी नव्हती. साक्षीच्या सभांमध्ये याची फार गल्लत होते. कुणी उत्साहाने जुनी पापं सांगतो आणि त्यात भागीदार असलेल्या दुसऱ्या माणसाची ओळख उघड होते. कबुली आपली असावी, दुसऱ्याची करू नये. तपशील किती? पाप ओळखता येईल इतका, ऐकणाऱ्याच्या कल्पनेला खाद्य मिळेल इतका नाही. १५५१ साली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने गंभीर पापांचा प्रकार आणि संख्या सांगण्याची अट घातली, ती या बाबतीत व्यवहारी आहे.

परंपरांबद्दल थोडक्यात. पहिल्या शतकांत बाप्तिस्म्यानंतरच्या गंभीर पापासाठी उघड प्रायश्चित्त असे. सुमारे २०३ साली तर्तुल्लियन हा ख्रिस्ती लेखक ते एकदाच मिळतं असं लिहितो. याचा परिणाम असा की पुढे पुढे लोक ते मरणाच्या दारापर्यंत लांबवू लागले. सहाव्या शतकापासून आयरिश मठवासीयांनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारी कबुली रुजवली. १२१५च्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून एकदा ती सक्तीची केली आणि धर्मगुरूला गुप्ततेने बांधलं. इंग्लंडच्या चर्चने १५५२च्या प्रार्थनापुस्तकात सगळ्यांनी मिळून म्हणायची पापकबुली उपासनेत आणली. तिच्यात 'जे करायला हवं होतं ते केलं नाही' हे आधी येतं, 'जे करायला नको होतं ते केलं' हे नंतर. हा क्रम सुंदर आहे. पण सामूहिक कबुलीत स्वतःचं नेमकं पाप हरवतं, आणि खासगी कबुलीत धर्मगुरूने 'मोकळं' केलं की प्रकरण मिटलं असं वाटतं. कॅथलिक श्रद्धाग्रंथ मात्र स्पष्ट सांगतो की पापमुक्तीने पापामुळे झालेली सगळी मोडतोड दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करणं, मळवलेलं नाव पुन्हा स्वच्छ करणं उरतंच.

गुन्ह्याच्या बाबतीत एक गोष्ट ठामपणे सांगतो. मुलाबाळांवरचा अत्याचार, मारहाण, पैशांची अफरातफर: मंडळीतल्या क्षमेने यातलं काहीच मिटत नाही. पाळकाने कबुली ऐकण्याआधीच गुप्ततेची मर्यादा सांगावी. कॅथलिक धर्मगुरूला संस्कारातली कबुली फोडता येत नाही. त्यालाही पश्चात्तापी माणसाला स्वतः कायद्यापुढे जायला सांगता येतं. आणि पीडित माणसाला 'सत्तर वेळा सात' क्षमा कर हे येशूचं वचन (मत्तय १८) ऐकवून घाई करू नये. त्याच अध्यायातला दाखला पुन्हा मोजून पाहा: राजाने ज्याचं १०,००० तालांतांचं कर्ज सोडलं, तो चाकर शंभर दीनारांसाठी आपल्या सोबत्याला तुरुंगात टाकतो. एका तालांताचे साधारण ६००० दीनार, म्हणजे १०,००० तालांत हे सहा कोटी दीनार. त्याच्यासमोर शंभर दीनार किरकोळ वाटतात. पण दीनार ही एका दिवसाची मजुरी होती. शंभर दीनार म्हणजे मजुराच्या तीन महिन्यांहून जास्त कष्टाचे पैसे. एका माणसाने दुसऱ्याचं केलेलं नुकसान येशूने क्षुल्लक दाखवलेलं नाही. ते खरं कर्ज आहे, आणि म्हणूनच ते सोडणं ही खरी क्षमा. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत आपण 'ऋण सोडणे' म्हणतो ते मूळ ग्रीक शब्दाला अगदी धरून आहे.

ज्याचं देणं लागतो तो मेला असेल तर? गणना ५ मध्ये सोय आहे: नातेवाइकाला द्या, आणि कुणीच नसेल तर याजकाला. म्हणजे दानपेटी आहे, पण शेवटच्या जागी.

आणि समोरच्याने क्षमा केली, तरी संबंध पूर्वीसारखे व्हायलाच हवेत का? याकोब आणि एसाव पाहा, ज्या भावाचा आशीर्वाद याकोबाने फसवून मिळवला होता. वीस वर्षांनी याकोब परत येतो तो पाचशे पन्नास जनावरं पुढे पाठवून आणि सात वेळा भुईपर्यंत लवून. 'मी तुला फसवलं' हे शब्द तो उच्चारत नाही, आणि ती उणीव मला खुपते. पण ही जनावरं भेट म्हणून स्वीकारायचा आग्रह करताना तो जो हिब्रू शब्द वापरतो तो 'बराखा', आशीर्वाद. जे चोरलं होतं त्याच नावाने तो परत देतो. एसाव रडतो, गळ्यात पडतो आणि म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब नको म्हणतो. एसाव शेईराला जातो, याकोब सुक्कोथाला. त्यानंतर ते दोघे एकत्र दिसतात ते एकदाच, इसहाकाला मूठमाती देताना.