लग्नाचं विचारायचं होतं, विचारलं अळंबीचं

मगाशी ओळख करून देताना म्हटलं गेलं की मी जगातल्या अभिजात कादंबऱ्यांवर बोलणार आहे. मला खरं तर दोन-चार पानांवरच बोलायचंय. कारण माझ्या डोक्यात अख्खी कादंबरी कधीच राहत नाही, तुमच्याही राहत नसेल, कथानक पुसट होतं, नावं जातात, रशियन कादंबरीत तर कोण कुणाचा कोण हे वाचता वाचताच विसरायला होतं, आणि तरी एखादं पान असं काही मनात जाऊन बसतं की वीस वीस वर्षं हलत नाही. आणि ते पान बहुतेक वेळा भलतंच असतं.

दस्तयेव्स्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ 1866 सालची. पाप, पश्चात्ताप, देव, सगळं आहे तिच्यात, चर्चाही त्याचीच होते. मला आठवतात ती 730 पावलं. तिचा नायक रास्कोल्निकोव्ह, त्याच्या घराच्या फाटकापासून तो जिचा खून करणार आहे त्या सावकारीणबाईच्या घरापर्यंत बरोब्बर 730 पावलं, त्याने आधीच कधीतरी मोजून ठेवलेली. खून अजून व्हायचाय, पण ज्याने पावलं मोजलीत तो माणूस मनाने तिथे कधीच पोचलाय, हे वाचताना पोटात गोळा येतो.

किंवा पिप नावाच्या तरुणाच्या लंडनच्या खोलीत आलेला ‘जो’ नावाचा लोहार, डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधला. ज्याने पोराला मायेने वाढवलं तो लोहार आता त्याच पोराला ‘सर’ म्हणतोय, आणि शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवलेली त्याची हॅट सारखी खाली पडतेय, तो सारखा उचलून परत तिथेच ठेवतोय. पिपला त्याची लाज वाटते हे डिकन्स सांगतो, पण मला ते कळतं त्या हॅटमुळे.

आता मुख्य पान. टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’, आठ भागांची, 1875 पासून मासिकात क्रमशः आलेली. शेवट न वाचलेल्यांनाही माहीत असतो, रेल्वे, रूळ. त्यातसुद्धा एक लाल पिशवी आहे बघा, ॲना पहिल्या डब्याखाली झोकून देणार तेवढ्यात हातातली छोटी लाल पिशवी काढता काढता तो डबा निघून जातो आणि तिला पुढच्या डब्याची वाट बघावी लागते. पण मी म्हणतेय ते पान त्याच्या बरंच आधीचं, सहाव्या भागातलं, आणि त्यात ॲना नाहीचे.

कादंबरीत ॲनाइतकाच महत्त्वाचा एक जमीनदार आहे, लेविन. त्याचा सावत्र भाऊ सर्गेई इवानोविच, मोठा विद्वान, एकटा राहिलेला. तरुणपणी एका मुलीवर प्रेम होतं, मारी तिचं नाव, ती गेली. आता लेविनच्या घरी वारेन्का आलीय, शांत, कष्टाळू, सगळ्यांना हवीहवीशी. मुलांना घेऊन सगळे जंगलात अळंबी गोळा करायला गेलेत आणि घरातल्या सगळ्यांना वाटतंय की आज हा तिला विचारणार. त्यालाही वाटतंय. तो बाजूला जाऊन सिगार पेटवतो, सगळा विचार करतो, ठरवतो, वाक्यंसुद्धा तयार करतो. मग दोघं मुलांपासून लांब चालत जातात, कुणीच बोलत नाही, तिलाही माहीत आहे तो काय बोलणार, आणि न राहवून तीच काहीतरी अळंबीचं बोलून जाते. तो मनातल्या मनात तयार वाक्यं पुन्हा म्हणतो आणि तोंडातून येतं, पांढऱ्या अळंबीत आणि बर्चच्या झाडाखालच्या अळंबीत फरक काय असतो? तिचा ओठ थरथरतो. ती सांगते, टोपीत फारसा नसतो, देठात असतो. संपलं. दोघांनाही त्याच क्षणी कळतं की आता ते होणार नाही, आणि तरी तो पुढे बोलतोच, म्हणे त्या देठाकडे बघून दोन दिवस दाढी न केलेल्या काळ्या केसांच्या माणसाची आठवण येते, आणि ती म्हणते, हो, खरंय.

का विचारलं त्याने? अचानक काहीतरी मनात आलं, एवढंच टॉलस्टॉय सांगतो. कारणं त्याला घरी गेल्यावर सापडतात, मारीची आठवण वगैरे. कारणं नंतरच सापडतात आपल्याला, हे किती खरं आहे.

बाविसाव्या वर्षी मी हे वाचलं तेव्हा नुसतं पान उलटलं होतं, मला ॲनाचं काय होतं ते हवं होतं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका मैत्रिणीची माफी मागायची होती. चूक माझी होती, दोन वर्षं बोलणं बंद होतं, मी ठरवून भेटायला गेले, वाटेत चार वाक्यं घोकली. ती समोर बसली आणि मी विचारलं, चष्म्याचा नंबर वाढला का गं? तिने नंबर सांगितला, डाव्या डोळ्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. मग आम्ही चष्म्यांवर बोललो, चांगलं अर्धा तास बोललो, आणि मी उठले.

घरी येताना मला तो देठ आठवला. इतकी वर्षं ते पान आत कुठे होतं मला माहीत नाही, मी तर समजत होते की ते आपण वाचलंच नाही नीट. रात्री पुस्तक काढून सहावा भाग उघडला, आणि तो थरथरणारा ओठ मी तेव्हा पहिल्यांदा वाचला, म्हणजे पहिल्या वेळी तिथे वारेन्का मला दिसलीच नव्हती, मला फक्त तो दिसला होता आणि त्याचा भित्रेपणा. ती सगळं समजून उभी होती, उत्तर तयार ठेवून.

माझ्या मैत्रिणीचा ओठ थरथरला की नाही मला सांगता येणार नाही. मी तिच्या चष्म्याकडे बघत होते.