कारण नसलेली कोंडी

एका प्रयोगाच्या चित्रफितीत दिसणारा हा वर्तुळाकार मार्ग २३० मीटर लांबीचा आहे. त्यावर २२ मोटारी एकामागोमाग धावत असून, ताशी ३० किलोमीटर वेग राखा आणि पुढच्या गाडीपासून सुरक्षित अंतर ठेवा, एवढीच सूचना चालकांना दिलेली आहे. वाटेत सिग्नल नाही, खड्डा नाही, मध्येच कोणी घुसलेलेही नाही. तरीही थोड्या वेळाने गाड्यांमधील अंतरे कमीजास्त होऊ लागतात. एका चालकाचा पाय ब्रेकवर जातो. त्याच्या मागचा चालक जरा उशिरा, आणि म्हणूनच जरा जोरात ब्रेक दाबतो. असे होता होता काही गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात. युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये केलेला हा प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

थांबलेल्या गाड्यांकडे नीट पाहावे. पुढची गाडी सुटते, मागून दुसरी येऊन अडकते. गाड्या पुढे जातात, कोंडी मात्र ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने मागे मागे सरकत राहते.

अशा लाटांचे गणित जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम यांनी १९५५ मध्येच मांडले होते. त्यांच्या जोडलेखाचा पहिला भाग लांब नद्यांमधील पुरावर आणि दुसरा गजबजलेल्या रस्त्यांवर होता, यावरूनच त्यांची दृष्टी कळते. मात्र त्यांच्या समीकरणांतील एकसारखा प्रवाह आपणहून कधी अडखळत नाही. काई नागेल आणि मिखाएल श्रेकेनबर्ग यांनी १९९२ मध्ये संगणकावर रस्त्याचे साडेसात मीटरचे चौकोन पाडले आणि प्रत्येक गाडीला चारच नियम दिले: वेग वाढवा, पुढे जागा नसेल तर कमी करा, अधूनमधून विनाकारण कमी करा, आणि पुढे सरका. यातला तिसरा नियम काढला, की कोंडी आपोआप उद्भवत नाही. खऱ्या रहदारीसारखे दिसण्यासाठी संगणकाला माणसाचा ढिसाळपणा मुद्दाम शिकवावा लागला, हे गमतीचे आहे.

पादचाऱ्यांना मार्गिका नसतात. डर्क हेल्बिंग आणि पीटर मोलनार यांच्या १९९५ च्या मॉडेलमध्ये प्रत्येक माणसाला मुक्कामाची ओढ असते, तर इतर माणसे आणि भिंती त्याला दूर लोटतात. एवढ्यावर समोरासमोर येणारे लोंढे कोणी न सांगता ओळींमध्ये विभागले जातात. पण हे लोटणे केवळ अंतरावर ठरत नाही. खांद्याला खांदा लावून एकाच दिशेने चालणारे दोघे एकमेकांना चुकवत नाहीत, आणि दहा पावलांवरून समोर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी मात्र आपण आधीच किंचित तिरके होतो. टक्कर व्हायला किती वेळ उरला आहे, यावर हा प्रतिसाद अवलंबून असतो, असे २०१४ मध्ये प्रत्यक्ष गर्दीच्या नोंदींवरून दाखवून देण्यात आले.

अंगाला अंग भिडले, की हा अंदाज निरुपयोगी ठरतो. मग माणूस पाऊल टाकत नाही, तो ढकलला जातो. २००६ मध्ये हज यात्रेदरम्यान मक्केजवळच्या मिना येथे झालेल्या चेंगराचेंगरीच्या चित्रफिती तपासताना संशोधकांना गर्दीत आधी थांबत-चालत मागे सरकणाऱ्या लाटा दिसल्या, अगदी रस्त्यावरच्या कोंडीसारख्या, आणि त्यानंतर माणसांना कोणत्याही दिशेला फेकणारी खळबळ. पुढच्या यात्रेसाठी तेथील पायी जाण्याचे मार्ग एकेरी करण्यात आले.