पाकीट उलटं करा: पनीर, टोफू आणि हिरवा ठिपका

(दृश्य: इंदूर, एका दुकानाचा फ्रीज. काचेआड पांढऱ्या वड्यांची तीन पाकिटं.)

तीन पाकिटं. पहिल्यात दुधाचं पनीर, दुसऱ्यात सोयाबीनचं टोफू, तिसऱ्यात पाम तेल आणि दूध पावडर घालून केलेली पनीरची नक्कल, म्हणजे ‘अ‍ॅनालॉग’. तिन्हींवर हिरवा ठिपका आहे, आणि तिन्हींवर तो बरोबरच आहे.

हिरवा ठिपका एवढंच सांगतो की पदार्थ शाकाहारी आहे. मांसाहारी पदार्थाच्या कायदेशीर व्याख्येतून दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख वगळलेली आहेत. त्यामुळे दुधातलं प्रथिन असलेली, कॉफीत दुधाऐवजी घालायची क्रीमर पावडरसुद्धा हिरवीच. अंडं मात्र मांसाहारात मोडतं. सोयाच्या पॅटीत मिश्रण बांधून ठेवायला अंड्याचा पांढरा बलक घातला, की चौकोनात तपकिरी त्रिकोण छापावा लागतो, मग पाकिटावर पुढे ‘प्लांट-बेस्ड’ कितीही मोठ्या अक्षरांत असो.

प्राणिज काहीच नको असेल, तर शोधायचं ते व्हीगनचं चिन्ह: हिरव्या चौकोनात पान असलेला इंग्रजी व्ही. त्याचे नियम 2022 मध्ये आले. हे चिन्ह उत्पादकाला आपल्या मनाने छापता येत नाही, एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मंजुरी घ्यावी लागते. आणि अट फक्त घटकांपुरती नाही. स्वाद, एन्झाइम, प्रक्रियेत वापरलेलं सहायक द्रव्य, यांतलं काहीही कोणत्याच टप्प्यावर प्राणिज चालत नाही.

(दृश्य: भिजलेलं सोयाबीन, वाफाळणारं पातेलं.)

माळव्यात सोयाबीनला तोटा नाही. देशातली सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्थाही इंदुरातच आहे. टोफूसाठी सोयाबीन आठ-दहा तास भिजवतात, उन्हाळ्यात त्याहून कमी, नाहीतर आंबूस वास येतो. गरम पाण्यात दळलं तर कच्चट, शेंगांसारखा वास धरत नाही, कारण तो वास तयार करणारं एन्झाइम उष्णतेने निकामी होतं. मग गाळून उकळायचं. उकळण्यात घाई नको: कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो उष्णतेनेच मोडतो. थोडं निवल्यावर कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइड घालून साकळवायचं, कापडात बांधून वजनाखाली दाबायचं.

इथवर सगळं वनस्पतिजन्यच. गाडी अडते ती पुढे. त्याच टाकीत सकाळी दुधाचं पनीर झालं असेल, तर व्हीगन उत्पादनाआधी टाकी, भांडी, कापड, साचे सगळं नीट धुतलं गेलं पाहिजे. नियमातच तसं आहे. सोयाच्या पेयात तर आणखी एक फट असते, जीवनसत्त्व ‘ड’. डी-3 बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून काढतात. डी-2 किंवा लायकेनपासून (दगडफुलाच्या वर्गातलं) काढलेलं डी-3 चालतं. पुरवठादाराचं तोंडी ‘हो हो, व्हेजच आहे’ कामाचं नाही, स्रोत लेखी मागा. लेबलावर आयएनएस 471 या क्रमांकाने लिहिलेलं इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव ठेवणारं द्रव्य, तेही दोन्हींकडून येतं, वनस्पतीकडून आणि प्राण्याकडूनही. नुसत्या आकड्यावरून ते कळत नाही.

(दृश्य: लेबलाचा नमुना, वर मोजपट्टी.)

आता नाव. इंदुरात सगळे ‘सोया पनीर’च म्हणतात, आपल्या मराठी घरांतही. बोलण्यात काही बिघडत नाही. पाकिटावर बिघडतं. नियमांनुसार दूध म्हणजे दुभत्या जनावराचंच, आणि दूध, पनीर, दही, चीज ही नावं वनस्पतिजन्य पर्यायाला लावता येत नाहीत. 2021 मध्ये एफएसएसएआयने अशी नावं असलेला माल ऑनलाइन विक्रीतून काढायला सांगितला आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. नारळाचं दूध, पीनट बटर ही रूढ नावं अपवादात राहिली. तेव्हा पुढच्या बाजूला ‘टोफू’ छापा, पेयाला ‘सोया पेय’ म्हणा. चुकीच्या लेबलाला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 52 खाली 3 लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

ठिपक्याचं मापही ठरलेलं आहे. दर्शनी भाग 100 चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर व्यास किमान 3 मिलिमीटर, त्यापुढे 500 पर्यंत 4. चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट. 200 ग्रॅमच्या पाकिटाचं डिझाइन तसंच आकसून छोट्या पाकिटावर छापलं, की ठिपका हमखास मापाखाली जातो. मागच्या बाजूला घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, आणि अ‍ॅलर्जीच्या सूचनेत सोयाबीनचा उल्लेख हवाच.

ग्राहकाने मागची बाजू आधी वाचावी. ‘केसिनेट’, ‘व्हे’, ‘मिल्क सॉलिड्स’ दिसलं की दूध आलं. ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या क्रीमरमध्येही सोडियम केसिनेट सापडतं. ‘लॅक्टोज-फ्री’ तर सरळ दूधच, फक्त त्यातली साखर मोडलेली. ‘फ्रोझन डेझर्ट’मध्ये वनस्पती तेल असतं म्हणून ते व्हीगन होत नाही, दूध पावडर त्यातही असू शकते.

(दृश्य: सुट्ट्या वडीवर टिंक्चर आयोडीनचा थेंब.)

सुटा माल घेताना यातलं काहीच हाताशी नसतं. मग घरची परीक्षा: वडी उकळा, गार होऊ द्या, वर आयोडीनचा थेंब टाका. गर्द निळा रंग आला तर आत स्टार्च आहे. नाही आला, तरी ते दुधाचंच असं समजू नका. नुसत्या पाम तेलाच्या अ‍ॅनालॉगला आयोडीन काहीच करत नाही. दुधाच्या पनीरमध्ये कोरड्या अंशाच्या निदान 50 टक्के दुधाचा स्निग्धांश लागतो, आणि तो खरंच दुधाचा आहे का, हे प्रयोगशाळेतच कळतं.