आधी आईची भरती

(दृश्य : दांडिया बाजार, संध्याकाळ. वाड्याचा लाकडी जिना. वरून बोलण्याचे आवाज.)

बडोद्याला व्यायामाचं वावडं कधीच नव्हतं. प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर याच दांडिया बाजारातलं. पण मुलीला बोट वल्हवायला पाठवा म्हटलं, की समोरचा माणूस विषय बदलतो.

त्याला कारण आहे. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत माणसं जास्त होती, कित्येक मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. त्याच वर्षी ऑगस्टच्या पुरात विश्वामित्री नदी शहरात शिरली आणि लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या. या गावातल्या आईला पाण्याचं कौतुक कोणत्या तोंडानं सांगायचं?

(दृश्य : माडीवरची खोली. चौघीजणी. शेव-उसळीच्या बशा.)

खिडकीशी बसलेली ताई पुण्यात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या बोट क्लबवर नव्या मुली आणणं आणि आणलेल्या टिकवणं, हे तिचं काम. सुट्टीला घरी आली आहे. समोरच्या मुलीला पुण्यातच प्रवेश मिळाला आहे, आणि तिला रोइंग करायचंय. सोबत तिची आई आहे, म्हणजे काकू. ताईची आई बशा भरते आहे आणि मधेच मुलीच्या बाजूनं, मधेच काकूंच्या बाजूनं बोलते आहे.

आम्ही कॅमेरा घेऊन गेलो होतो वल्ह्यांचे किस्से ऐकायला. ऐकायला मिळाली ती चौकशी, स्थळ बघायला आल्यासारखी.

"तिथे मगरी असतात का गं?"

"मगरी नाहीत काकू, जलपर्णी असते. वल्ह्यात अडकते मेली."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी सरळ विचारलं, जॅकेट घालतात ना?

इथे ताई गोड बोलून वेळ मारून नेऊ शकली असती. तिनं तसं केलं नाही. शिकताना घालतात, म्हणाली. शर्यतीत घालत नाहीत, कारण हात मागे ओढताना ते पोटाशी अडतं. म्हणून आधी पोहण्याची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय बोटीला हात लावायचा नाही. बोटीशेजारून कोचची मोटरबोट चालते. पाय ज्या बुटांत अडकवलेले असतात, ते एका झटक्यात सुटतात. बोट उलटली तरी ती तरंगते. तिला धरून राहायचं, सोडून काठाकडे पोहत सुटायचं नाही.

मग ती म्हणाली, "काकू, या बोटीत जास्तीचं माणूस बसूच शकत नाही. जितक्या जागा, तितक्याच मुली."

आमच्या मते काकू त्या वाक्याला थोड्या सैलावल्या.

(दृश्य : पुणे, पहाट. खांद्यावर बोट घेऊन उतरणाऱ्या मुली.)

पुण्यात कॉलेजच्या बोटिंगची परंपरा जुनी. सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या जुन्या इंजिनियरिंग कॉलेजचा, बोट क्लब १९२८ सालचा. बायकांना मात्र या खेळात जगभर उशिरा घेतलं. ऑलिंपिकमध्ये महिलांचं रोइंग आलं १९७६ साली, माँट्रियलला; तेही १००० मीटर, पुरुषांच्या निम्मं. २००० मीटर मिळायला १९८८ उजाडलं. आणि पुरुषांइतक्याच शर्यती मिळाल्या त्या थेट टोकियोत.

पण याच खेळाची एक सोय आहे : उशिरा सुरू केलं तरी चालतं. ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हरनं २००८ साली वल्हं धरलं आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घेतलं. उंच खेळाडू शोधणाऱ्या एका योजनेत ती उंची मोजताना टाचा उचलून उभी राहिली होती म्हणे. आपला चांदवडकडचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर रोइंग शिकला आणि २०१६ ला रिओत उतरला. म्हणून ताई शाळेत बक्षिसं मिळवलेल्या मुलींच्या मागे फार लागत नाही. पीटीच्या तासाला कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुली तिला चालतात. पोस्टरवर पदकांचे फोटो छापायलाही तिचा विरोध आहे. ते बघून मुली फोटो काढायला येतात आणि फोटो काढून जातात.

नाव नोंदवणाऱ्या पुष्कळ असतात. खरी गोष्ट गळतीची. ती होते पहिल्या काही आठवड्यांत. नव्या मुलीला लगेच काठावरच्या वल्हवायच्या मशीनवर बसवून २००० मीटरची वेळ काढायला लावली, की ती नऊ-दहा मिनिटं तोंडासमोरचा आकडा बघत राहते आणि पुढच्या सोमवारी येत नाही. ताईचा हट्ट असतो की मुलगी आधी पाण्यावर जायला हवी. चार जणींच्या बोटीत दोन जुन्या, दोन नव्या. जुन्या दोघींनी वल्ह्यांची पाती पाण्यावर आडवी टेकवून ठेवायची, म्हणजे बोट डुगडुगत नाही, आणि नवीनं पाच-सहा हात मारून बघायचे.

(दृश्य : वल्ह्याचं पातं, अगदी जवळून.)

पातं वाकडं शिरलं की पाणी ते खाली ओढून धरतं. याला क्रॅब म्हणतात. बोट पुढे जात असते, त्यामुळे दांडा उलटा येऊन बरगडीत बसतो. पाठ जाण्याच्या दिशेला असते, बोटीच्या पुढचं काही दिसत नाही, दिसतं ते फक्त कॉक्सला, म्हणजे न वल्हवता बोटीला दिशा देणाऱ्या मुलीला. पहिल्या क्रॅबला कॉक्स ओरडली तर मुलगी गेलीच समजा. "सगळ्या थांबा, वल्हं सोडव, काही घाई नाही," एवढंच म्हणायचं, हे ताई कॉक्सला आधी शिकवते.

बाकीची कारणं घरगुती आहेत, आणि ती कुणी बैठकीत मांडत नाही. तळहाताला फोड येतात. व्हिडिओ कॉलवर ते आईला दिसतात. ऊन लागतं, मावशी म्हणते, काळी पडलीस, खांदे बघ केवढे झाले, लग्नाचं काय? पाळीच्या दिवसांत दीड तास पाण्यावर, तिथे बाथरूम कुठून येणार? ताईनं बोटहाउसच्या कपाटात एक खण पॅडसाठी ठेवला आहे, कुलूप न लावता. "आज मी काठावर थांबते" एवढं म्हटलं की कारण विचारायचं नाही. आमच्या मते प्रेरणेच्या भाषणांपेक्षा हा खण जास्त मुली टिकवत असेल.

आदल्या रात्री ग्रुपवर उद्याची बोट आणि नावं जातात. चौघींतली एक आली नाही, तर तिघी काठावर बसतात. याचा धाक असतो आणि लळाही लागतो. पण परीक्षेच्या दिवसांत तोच ओझं होतो, म्हणून तेव्हा ताई नावं लावत नाही. जी येईल तिनं यावं.

(दृश्य : पुन्हा माडी. बशा रिकाम्या.)

काकूंनी होकार दिलेला नाही. पण इथल्या, बडोद्यातल्या लालबागच्या स्विमिंग पूलवर बायकांची बॅच किती वाजता असते, हे त्यांनी विचारलं. पोहणं काय, कुठेही उपयोगी पडतं, म्हणाल्या.

जिन्यात थांबून आणखी एक प्रश्न. "हिनं आठ दिवस फोन केला नाही, तर मी विचारायचं कुणाला? कोचना का?"

"मला."

काकूंनी नंबर लिहून घेतला. तेवढा भाग आम्ही कापला आहे.