एडिसनची शाळा नेमकी चालवतं कोण?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर चहाचा कप आणि घरपट्टीचं बिल.]

नमस्कार मंडळी!

दर वर्षी उन्हाळा तोंडावर आला की मला एक ठरावीक फोन येतो. कधी हिंजवडीहून, कधी टेक्सासहून. "अगं, आम्ही न्यू जर्सीला येतोय. एडिसनमध्ये घर बघतोय. शाळा दहापैकी किती आहे?" मी विचारते, कुठली शाळा? "तीच ती, जे. पी. स्टीव्हन्स." ते हायस्कूल आहे. आणि यांची मुलगी असते सव्वादोन वर्षांची.

हसू नका, आपण सगळ्यांनी हे केलंय. घर घेताना वेबसाइटवर शाळेला दिलेला तो दहापैकीचा आकडा बघायचा. पण त्या शाळेचा पैसा कुठून येतो आणि तो खर्च कोण करतं, हे आपण घर घेऊन दहा वर्षं झाली तरी बघत नाही. आज तेच बघू.

इथल्या सरकारी शाळा 'स्कूल डिस्ट्रिक्ट' चालवतं. आधी तो 'डिस्ट्रिक्ट' शब्द डोक्यातून काढून टाका. म्हणजे शब्द ठेवा, जिल्हा काढा. महाराष्ट्रात जिल्हे ३६. न्यू जर्सीची लोकसंख्या ९० लाखांच्या वर, म्हणजे मुंबईहून कमीच. तिथे काउंट्या, म्हणजे साधारण आपले जिल्हे, २१, आणि स्कूल डिस्ट्रिक्ट? सहाशेच्या घरात! बहुतेक गावागणिक एक. प्रत्येकाचं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं, सुपरिंटेंडंट, म्हणजे शाळांचा मुख्य अधिकारी, वेगळा.

[स्क्रीनवर एडिसनचा नकाशा]

हा नकाशा बघा. हे एडिसन टाउनशिप, आणि मध्ये हे भोक दिसतंय ना, मेदूवड्यासारखं? ते मेटाचेन. चारी बाजूंनी एडिसन, पण गाव वेगळं आणि शाळाही वेगळ्या. रस्त्याच्या अलीकडचं मूल एका डिस्ट्रिक्टमध्ये, पलीकडचं दुसऱ्या. घराची किंमतही त्या रस्त्यावर बदलते.

एडिसनची वस्ती २०२० च्या जनगणनेत १,०७,५८८. त्यात निम्म्याच्या आसपास माणसं आशियाई वंशाची, आणि त्यातही आपल्याकडची सर्वांत जास्त. भारतीय दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडवर गेलात तर वेगळं सांगायला नको. शाळेत जाणारी मुलं सोळा हजारांच्या आसपास. हायस्कुलं दोन: उत्तरेला जे. पी. स्टीव्हन्स, दक्षिणेला एडिसन हाय. कुठलं मिळणार हे तुमच्या पत्त्यावर ठरतं. जॉन अ‍ॅडम्स आणि वुडरो विल्सन या मिडल स्कूलची मुलं स्टीव्हन्सला जातात, हूवर आणि जेफरसनची एडिसन हायला. बाकी डोनेशन, ओळख, आमदाराची चिठ्ठी, काही चालत नाही.

एक गल्लत नेहमी होते, म्हणून सांगते. एडिसनमध्येच मिडलसेक्स काउंटीची विज्ञान-गणित-इंजिनिअरिंगची अकॅडमी आहे, प्रवेशपरीक्षा देऊन जायची. ती टाउनशिपची नाही, काउंटीची. "आम्ही एडिसनला राहतो म्हणजे अकॅडमी आलीच," असं धरून चालू नका.

आता चालवतं कोण? नऊ जणांचं बोर्ड. मतदारांनी निवडून दिलेलं. मुदत तीन वर्षांची, आणि दर वर्षी तीन जागांची निवडणूक, त्यामुळे सगळं बोर्ड एकदम पालटत नाही. मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नाही. मानधन? शून्य. रात्री उशिरापर्यंत बैठका, लोकांची बोलणी, आणि हातात काही नाही. तरी उमेदवार मिळतात, याचं मला कौतुक वाटतं. कधीकधी शंकाही येते, पण कौतुक जास्त.

बोर्डाने करायचं काय? धोरण ठरवायचं, बजेट मंजूर करायचं, सुपरिंटेंडंट नेमायचा. रोजचा कारभार सुपरिंटेंडंटचा. इथे आपल्या मंडळींचा गोंधळ होतो, कारण आपल्याला झेडपीची सवय. बोर्डाच्या सदस्याला फोन करून "त्या बाईंना आमच्या वर्गावरून काढा" असं म्हणायची सोय नाही. शाळेचा कारभार सदस्याने स्वतः चालवायचा नाही, असं राज्याच्या नीतिनियमांतच लिहिलंय.

आणि मेयर? मेयरचा शाळेशी थेट संबंध नाही! शाळांवरून मेयरला शिव्या घालणारे मला रोज भेटतात. पण गंमत अशी की नवी अपार्टमेंट कुठे उभी राहणार याची परवानगी गावाकडे, आणि त्यातून आलेल्या मुलांना वर्गात बसवायची जबाबदारी बोर्डाकडे. एकाने पाहुण्यांना आमंत्रण द्यायचं, दुसऱ्याने स्वयंपाक करायचा.

[बिल उचलून]

आता हे. आपली घरपट्टी. न्यू जर्सीत २०२४ मध्ये घरपट्टीची राज्याची सरासरी पहिल्यांदाच वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेली. या बिलात गावाचा वाटा असतो, काउंटीचा असतो आणि शाळेचा असतो. शाळेचा सर्वांत मोठा, राज्यभरात साधारण निम्मा. म्हणजे तुम्हाला मूल असो वा नसो, मूल शिकून कॅलिफोर्नियाला गेलेलं असो, वर्षाचे पाचेक हजार डॉलर शाळेला जातात. भाड्याने राहणाऱ्यांनी खूश होऊ नये. घरमालक ते भाड्यातून काढतो.

महाराष्ट्रात अनुदानित शाळेतल्या शिक्षकाचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो. शाळा गडचिरोलीत असो की ठाण्यात, गावातल्या घरांच्या किमतीशी त्या पगाराचा संबंध नाही. इथे संबंध आहे. मग ज्या गावात घरंच स्वस्त, तिथल्या मुलांनी काय करायचं?

या प्रश्नावर न्यू जर्सीत पन्नास वर्षं कोर्टकचेऱ्या चालल्यात. राज्याच्या घटनेत १८७५ पासून एक कलम आहे: पाच ते अठरा वर्षांच्या सगळ्या मुलांसाठी मोफत शाळांची 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' व्यवस्था राज्याने ठेवावी. १९७३ मध्ये, रॉबिन्सन विरुद्ध काहिल या खटल्यात, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केवळ घरपट्टीवर शाळा सोडून देणं त्या कलमात बसत नाही. विधिमंडळ चालढकल करत राहिलं. शेवटी १ जुलै १९७६ पासून कोर्टाने शाळांवरचा खर्चच थांबवला. कुलूप! काही दिवसांतच राज्याचा आयकर मंजूर झाला. आज तुमच्या पगारातून न्यू जर्सीचा जो आयकर कापला जातो, त्याचा जन्म या शाळांच्या भांडणातला आहे.

पुढे १९८५ पासून अ‍ॅबट विरुद्ध बर्क या खटल्याचे निकाल. त्यातून ३१ गरीब डिस्ट्रिक्टना जादा मदत द्यायला राज्याला भाग पाडलं गेलं. आपल्या शेजारचं न्यू ब्रन्सविक त्यात आहे, पर्थ अ‍ॅम्बॉय आहे. २००८ मध्ये सगळ्यांसाठी एक सूत्र आलं: एका मुलामागे इतका खर्च, मूल गरीब घरचं असेल किंवा इंग्रजी शिकत असेल तर त्यावर इतका जादा. मग गावाची ऐपत बघायची, घरांची किंमत आणि लोकांचं उत्पन्न दोन्ही, आणि उरलेली भर राज्याने घालायची. कागदावर झकास. पण बरीच वर्षं त्या सूत्राप्रमाणे पैसे दिलेच गेले नाहीत. २०१८ मध्ये कायदा करून सात वर्षांत ते ताळ्यावर आणायचं ठरलं, आणि ज्यांना सूत्रापेक्षा जास्त मिळत होतं त्यांचे काढून कमी मिळणाऱ्यांना दिले. जर्सी सिटी, टॉम्स रिव्हर यांना चांगलाच फटका बसला. एडिसन मिळणाऱ्यांच्या बाजूला होतं.

तरी पुरत नाही, आणि त्याचं कारण दोन टक्के. २०१० च्या कायद्याने शाळांसाठी घरपट्टीतून गोळा करायची रक्कम वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायला बंदी आहे. आरोग्यविमा, वाढलेली पटसंख्या अशा थोड्या सवलती आहेत, पण ढोबळ नियम दोन टक्के. आता घरात हिशोब करून बघा. बजेटचा बहुतेक पैसा पगार आणि विम्यात जातो. विम्याचा हप्ता कुठला दोन टक्क्यांवर थांबायला? मग कात्री कुठे लागणार? संगीत, खेळ, ग्रंथालय, वर्गातली मदतनीस.

पूर्वी शाळेचं बजेट दर एप्रिलमध्ये मतदानाला टाकायचे. २०१२ च्या कायद्यानंतर बहुतेक ठिकाणी निवडणूक नोव्हेंबरला गेली, आणि बजेट दोन टक्क्यांच्या आत असेल तर मत घ्यायची गरजच उरली नाही. सोय झाली खरी. पण त्या निमित्ताने लोक वर्षातून एकदा बजेट उघडून तरी बघायचे, ते गेलं.

मोठं बांधकाम मात्र लोकांना विचारूनच करावं लागतं. कर्जरोखे काढायचे तर सार्वमत. एडिसनमध्ये डिसेंबर २०१९ ला ते झालं. १८.९५ कोटी डॉलरचा प्रस्ताव, शाळा वाढवण्यासाठी. कारण मुलं मावत नव्हती, विशेषतः स्टीव्हन्सकडे. निकाल: नाही!

यावर मी पुष्कळ विचार केलाय. ज्यांची मुलं शिकून गेली त्यांनी कर वाढायला नको म्हटलं, समजू शकते. त्यात मतदान डिसेंबरातल्या एका थंड मंगळवारी. अध्यक्षपदाला रांगा लावणाऱ्यांतलेही कितीतरी जण त्या दिवशी घरीच बसतात. पण ज्या शाळेसाठी आपण बाजारभावापेक्षा पन्नास हजार वर मोजून घर घेतो, त्या शाळेत मूल बसवायला जागा नाही म्हणून नंतर आपणच कुरकुरतो. गर्दी कोणी केली? मी केली, तुम्ही केली.

बरं, तो दहापैकीचा आकडा. तो कसा बनतो? बराचसा परीक्षेच्या गुणांवरून. आणि गुण बरेचसे आईवडिलांच्या शिक्षणावरून आणि खिशावरून. दोघं इंजिनिअर, शनिवारी गणिताचा क्लास, रविवारी दुसरा क्लास; ते मूल परीक्षेत चमकलं तर श्रेय शाळेचं की क्लासच्या फीचं? एडिसनचे निकाल चांगले आहेत, स्टीव्हन्सचं नाव राज्यात आहे, यात वाद नाही. पण शाळेने काय दिलं हे बघायचं तर राज्याचा दरवर्षीचा स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट उघडा. फुकट आहे. त्यात 'ग्रोथ' नावाचा आकडा शोधा. मागच्या वर्षी सारखेच गुण असलेल्या मुलांशी तुलना करून, या वर्षी हे मूल किती पुढे सरकलं ते तो सांगतो. ४० ते ६० च्या मध्ये म्हणजे नेहमीसारखी वाढ. दहापैकी नऊ मिळवणाऱ्या शाळेत ग्रोथ बेताची असू शकते, आणि सहावाल्या शाळेत उत्तम. मग इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची ओळ बघा, विशेष गरजा असलेल्या मुलांची ओळ बघा. आजी-आजोबांशी फक्त मराठी बोलणारं तुमचं मूल पहिल्या वर्षी त्याच ओळीत असू शकतं.

[बिल बाजूला ठेवून]

आता मुद्दा अवघड जागेचा. आपल्यातले कितीतरी जण एच-१बी वर आहेत, ग्रीन कार्डाच्या रांगेत आहेत. घरपट्टी भरतात, पूर्ण भरतात. मूल शाळेत मोफत शिकतं, त्याला व्हिसाची आडकाठी नाही. पण मत? ते नागरिकांनाच.

आणि आपली संख्या इतरांच्या डोळ्यांत भरते, हेही खरं. २०१७ च्या निवडणुकीत बोर्डासाठी जेरी शी आणि फाल्गुनी पटेल उभे होते. मतदानाच्या आधी एडिसनमध्ये घरोघरी एक निनावी पत्रक आलं. दोघांच्या फोटोंवर 'हद्दपार करा' अशा अर्थाचा शिक्का, आणि तक्रारींच्या यादीत चिनी शाळा, भारतीय शाळा आणि क्रिकेटची मैदानं! देशभर बातमी झाली. दोघंही निवडून आले.

मत नसलं तरी एक गोष्ट आहे. बोर्डाची बैठक कायद्याने खुली असते. बजेट मार्चमध्ये मांडतात, सुनावणी एप्रिलच्या शेवटाकडे. तिथे एक माईक असतो. रांगेत उभं राहायचं, नाव आणि कुठल्या गावचे ते सांगायचं, आणि मिळालेल्या काही मिनिटांत विचारायचं: मदतनीसांच्या जागा का कापल्या? व्हिसा कुठला, हे कोणी विचारत नाही. खुर्च्या बऱ्याचदा रिकाम्या असतात, पार्किंगही मिळतं.