ब्लॅक बेल्ट भेटला, आता पोरांची लाइन सांभाळ

नमस्कार राजेहो! नागपुरात मार्च संपला की घरोघरी कूलर साफ होतात आणि चौकाचौकात कराटेच्या समर कॅम्पचे बोर्ड लागतात. मग आईबाबा पोराला घेऊन क्लासवर येतात आणि पहिलाच प्रश्न, सर, ब्लॅक बेल्ट किती दिवसात भेटते? मी म्हणतो, चार-पाच वर्षं धरून चाला, तेही पोरगं टिकलं तर. की लगेच चेहरा उतरतो, कारण कोणीतरी दोन वर्षांत देतो म्हणून सांगितलेलं असतं. देत असेल ना बाप्पा, पट्टा तर सीताबर्डीच्या दुकानातही भेटतो.

काही जणांना तो दहावीच्या मार्कांसाठी पाहिजे असतो. त्यांना एवढंच सांगतो की खेळाचे मार्क ठराविक स्पर्धांत खेळल्याचे असतात, पट्ट्याचे नाही. आणि ब्लॅक बेल्ट झाला की पोलीस स्टेशनात हाताची हत्यार म्हणून नोंद करावी लागते म्हणतात, ते पण सोडून द्या, असा काही कायदा नाहीये.

आता हा पट्टा आला कुठून ते ऐका, कारण मला त्यातच खरी मजा वाटते. जपानमध्ये जिगोरो कानो नावाचे गृहस्थ होते, त्यांनी 1882 मध्ये ज्युदो सुरू केलं, आणि हे कानो पेशानं शिक्षक. 1883 मध्ये त्यांनी आपल्या दोन चेल्यांना पहिला दान, म्हणजे वरच्या दर्जाची पहिली पायरी, दिला, काळा पट्टा त्याच्यानंतर आला. कराटे शिकवणारे गिचिन फुनाकोशी, ते ओकिनावाचे शाळामास्तर, 1922 मध्ये टोकियोला आले आणि 1924 मध्ये त्यांनी कानोंचीच पद्धत उचलून कराटेत दान द्यायला सुरुवात केली. म्हणजे बघा, दोघंही मास्तर! पांढरा पट्टा मळून मळून काळा व्हायचा ही गोष्ट ऐकायला छान आहे पण खरी नाही, आणि हे हिरवे-निळे रंग तर 1930 च्या दशकात युरोपात ज्युदोवाल्यांनी रुळवले. मला तर वाटते मास्तरांनी काढलेली गोष्ट आहे म्हणूनच तिचा मारामारीशी संबंध कमी आणि वर्गाशी जास्त आहे.

आमच्या शोतोकानमध्ये, म्हणजे आम्ही शिकवतो त्या कराटेच्या शैलीत, काळ्याच्या आधी ब्राऊन बेल्टच्या तीन पायऱ्या असतात, आणि खरी गळती इथंच होते. तोवर दर काही महिन्यांनी रंग बदलत होता, घरी फोटो निघत होते, आजी पेढे वाटत होती, आणि आता वर्ष झालं तरी पट्टा ब्राऊनच. वरून नववी-दहावीचं ट्यूशन, संध्याकाळी साडेसहाला क्लास की फिजिक्स हे घरी रोजचं भांडण. बस्साई दाई ही काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, शेकडो वेळा झालेली असते, तरी सर म्हणतात कंबर फिरत नाहीये, पुन्हा कर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर, हॉलमध्ये एक पंखा, तो पण सरांच्या खुर्चीवर. अशात जे पोरगं कोणी टाळ्या वाजवत नसताना येत राहतं ना, त्याची परीक्षा माझ्या मते अर्धी तिथंच झालेली असते. परीक्षेच्या दिवशी किहोन म्हणजे मूळ ठोसे-लाथा, काता, कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत, सगळं होतं, दमछाक होते, एखाद्याचं ओठ फुटतं, पण तो एक दिवस आहे हो, तो निघून जातो.

आमच्याकडे एक ताई आहेत, पोराला सोडायला यायच्या, बाहेर बसून कंटाळल्या आणि स्वतःच भरती झाल्या, चाळिशीत. पोरगं ग्रीन बेल्टला सुटलं, क्रिकेटला गेलं. त्या मागच्या वर्षी ब्लॅक बेल्ट झाल्या. घरी काय म्हणाले विचारलं तर म्हणे, सासूबाईंनी विचारलं आता पगार भेटते का? पगार नाही भेटला, काम भेटलं. पुढच्याच रविवारी त्यांच्या समोर पंधरा नवखे व्हाइट बेल्ट उभे केले, सगळी सात-आठ वर्षांची, एकाचा पट्टा सुटलेला, एकाला सू लागलेली, आणि सांगितलं यांना हेइआन शोदान शिकवा, आपली सगळ्यात पहिली काता.

ही काता डावीकडे वळून, डाव्या हातानं खालचा ब्लॉक, अशी सुरू होते. ताई दाखवत होत्या तर एका टिल्लूनं विचारलं, मॅडम, पण उजवीकडून कोणी आला तर? ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याखाली बसलो होतो, म्हटलं मला काय विचारता, काळा पट्टा तुमच्या कंबरेला आहे, द्या उत्तर! मग त्यांनी त्यालाच उजवीकडून गुद्दा मारायला लावला, आणि मला म्हणाल्या, सर, खुर्ची थोडी सरकवा, हवा आम्हाला पण लागू द्या.