पत्त्याजवळचं दुकान

(दृश्य: पहाट. अर्धं वर गेलेलं शटर, आत एकच दिवा. बादल्यांच्या रांगा. टेबलावर देठांचा ढीग.)

पावणेसहा वाजलेत. फुलांचं दुकान उघडायला अजून तीन तास आहेत, पण ते चालवणाऱ्या ताईंचं दिवसाचं मोठं काम याच तीन तासांत उरकतं. हात बघा त्यांचे. कात्री नाही, चाकू आहे. कात्रीची धार जराशी गेली की ती देठ कापता कापता दाबते आणि आतल्या नळ्या चिरडतात. धारदार चाकू एका झटक्यात आरपार जातो.

(दृश्य: अगदी जवळून. गुलाबाचा देठ, तिरका काप, टोकावर पाण्याचा थेंब.)

झाडावरून काढलेलं फूल जिवंत असतं. ते श्वास घेतं, पाणी पितं. देठात केसाहून बारीक नळ्या असतात आणि त्यांतून पाणी पाकळ्यांपर्यंत चढतं. प्रवासात देठ कोरडा राहिला की कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते, नळीत बुडबुडा अडकतो आणि वरचं फूल तहानलेलं राहतं. म्हणून दुकानात आलेला प्रत्येक देठ पुन्हा दोन-तीन सेंटिमीटर छाटायचा. तोही तिरका, कारण सपाट कापलेला देठ बादलीच्या तळाला चिकटून बसतो आणि त्याचं तोंडच बंद होतं.

मग पाला. पाण्यात बुडेल असं एकही पान देठावर ठेवायचं नाही. पान कुजलं की पाण्यात जिवाणू वाढतात आणि त्याच नळ्या तुंबवतात. कळी न उमलताच गुलाबाची मान खाली पडलेली तुम्ही पाहिली असेल. फूल शिळं होतं म्हणून मान पडली असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा कळीच्या जरा खाली पाणी अडलेलं असतं. वरून टवटवीत दिसणारं फूल आतून तहानेनं गेलेलं असतं.

(दृश्य: कॅमेरा बादल्यांवरून संथपणे सरकतो.)

प्रत्येक बादलीत पाण्याची पातळी वेगळी आहे, दिसतंय? गुलाबांना भरपूर पाणी. जरबेराला चार बोटं, त्याहून जास्त नाही. त्याचा देठ लवदार आणि मऊ असतो, खोल पाण्यात सडतो. डॅफोडिलची बादली अगदी कोपऱ्यात, एकटी. त्याच्या देठातून चिकट रस पाझरतो आणि शेजारच्या फुलांना बाधतो. ट्यूलिप कापल्यावरही वाढत राहतं आणि उजेडाकडे वळतं. आज बांधलेल्या गुच्छात ते उद्या बोटभर वर डोकावणार, हे धरूनच बांधावं लागतं. आणि ते हायड्रेंजिया, काल संध्याकाळी पार मान टाकलेलं. ताईंनी त्याचं अख्खं डोकं पाण्यात बुडवून ठेवलं. ते पाकळ्यांतूनही पाणी पितं. आज सकाळी बघा.

(दृश्य: हायड्रेंजिया. पाच सेकंद निवेदन नाही.)

(दृश्य: शीतकपाटाचं दार उघडतं, वाफ.)

फूल जितकं गार, तितका त्याचा श्वास मंद. तापमान दहा अंशांनी वाढलं की श्वसन दोन-तीन पट होतं, म्हणजे आयुष्य तितक्याच वेगानं खर्च होतं. गुलाब शून्याच्या जरा वर ठेवले तरी खुशाल राहतात. अँथुरियम आणि ऑर्किड मात्र उष्ण प्रदेशातली, त्यांना ती थंडी सोसत नाही, डाग पडतात. ती बाहेर, सावलीत. ताईंचा डबाही या कपाटात कधी जात नाही, विशेषतः फळं. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि कार्नेशनसारखं फूल त्यानं एका रात्रीत मिटतं.

(दृश्य: फोन वाजतो. ताई हात पुसतात.)

"नमस्कार. आईला फुलं पाठवायची होती. गुरुवारी तिचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. मी बाहेरदेशी असते, यायला जमणार नाहीये."

"बोला ना. आई कुठे राहतात?"

पत्ता निघतो दोन गल्ल्या पलीकडचा. खरं तर "काय पाठवायचं?" हा प्रश्न ताई बराच वेळ विचारतच नाहीत. सकाळी द्यायची की संध्याकाळी? संध्याकाळी माणसं जमणार असतील तर फुलं त्या वेळी उमललेली हवीत, सकाळी कळ्या असल्या तरी चालेल. दार कोण उघडेल? किती मजले चढायचे? आईंना वास सोसतो का, डोकं दुखत नाही ना? घरात फुलदाणी आहे का?

"आणि घरी मांजर वगैरे?"

पलीकडे क्षणभर शांतता. "आहे की. एक आहे."

"मग लिली नको हं."

(दृश्य: लिलीची बादली. ताईंची बोटं उमलत्या लिलीतून केशरी पुंकेसर खुडतात.)

लिलीचे पुंकेसर उमलता उमलता खुडून टाकतात, कारण परागांचा डाग कपड्याला लागला तर जाता जात नाही. (तुमच्या कपड्यावर पडलाच तर पाणी लावू नका, चोळू नका, चिकटपट्टीनं अलगद उचलून घ्या.) पण मांजरासाठी पुंकेसर खुडणं पुरेसं नाही. लिलीचं पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करू शकतं. हा प्रश्न दुकानात बसलेल्या माणसानं विचारला. छापील यादीत टिचकी मारून फुलं मागवली असती, तर कुणी विचारला असता?

(दृश्य: जुनी छायाचित्रं. तारयंत्र. फुलांच्या दुकानाची दर्शनी काच.)

लांबच्या माणसाला फुलं पाठवायची ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. आधी लोक फुलंच खोक्यात घालून पाठवत आणि ती कोमेजून पोचत. १९०८ मध्ये बर्लिनचे फूलविक्रेते माक्स ह्यूबनर यांनी वेगळा मार्ग काढला. फूल जागच्या जागी राहू दे, निरोप पाठवू. इथल्या दुकानात मागणी नोंदवायची, तिथल्या दुकानानं आपल्या ताज्या फुलांतून गुच्छ बांधून दारात पोचवायचा, पैशांचा हिशेब दोन दुकानांनी आपसात करायचा. त्यातून पुढे फ्लोरॉप ही फूलविक्रेत्यांची संघटना उभी राहिली. १९१० मध्ये अमेरिकेतले फूलविक्रेते हेच तारेनं करू लागले. त्यांच्या संघटनेच्या नावातच तार होती, फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी. चिन्ह म्हणून त्यांनी घेतला मर्क्युरी, देवांचा निरोप्या.

१९०८ चीच आणखी एक गोष्ट. १० मे रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावात, चर्चमध्ये, मातृदिनाची पहिली सभा भरली. ती घडवून आणणाऱ्या ॲना जार्विस स्वतः तिथे नव्हत्या. त्यांनी तार पाठवली आणि पाचशे पांढरी कार्नेशन. त्यांच्या आईचं आवडतं फूल. पुढे या दिवसाचा बाजार झालेला पाहून त्या त्याच्याविरुद्ध आयुष्यभर लढल्या.

(दृश्य: टेबल. डावी मूठ. पहिला देठ.)

आता हे नीट बघा, यासाठी आम्ही कॅमेरा दोन तास हलवला नाही.

डाव्या हाताची बोटं सैल, देठ धरण्यापुरती. मधला गुलाब सरळ. दुसरा त्याच्यावर तिरका. तिसरा त्याच्यावर, त्याच बाजूला तिरका. मग गुच्छ हातातल्या हातात थोडा फिरवायचा आणि चौथा, पुन्हा त्याच बाजूला. एकही देठ उलटा गेला की बाकीचे अडकतात, मोडतात, फुलं एकमेकांना दाबतात. सगळे एकाच दिशेनं गेले की खाली देठांचा पिळा पडतो आणि वर फुलांचा घुमट आपोआप उघडतो. आतल्या फुलांनाही हवा मिळते. बांधायची जागा एकच, जिथे सगळे देठ एकमेकांना ओलांडतात. दोरी दोन वेढे, घट्ट, पण देठात रुतणार नाही इतकीच.

गुलाब, जरबेरा, लिसिअँथस. लिसिअँथसच्या एका फांदीवर एक फूल उमललेलं आणि दोन कळ्या मिटलेल्या, ती फांदी ताईंनी मुद्दाम निवडली. लिलीच्या जागी हेच आलंय. दुरून पाहिलं तर गुलाबच वाटतं, पाकळी मात्र कागदासारखी पातळ.

(दृश्य: गुच्छ टेबलावर ठेवतात. हात सोडतात. तो उभा राहतो.)

ही परीक्षा. कशाचाही आधार न घेता, आपल्याच देठांवर उभा राहिलेला गुच्छ.

(दृश्य: हिरव्या फोमचा ठोकळा पाण्यात आपोआप बुडतो.)

हा हिरवा फोम तुमच्या ओळखीचा असेल, टोपलीतल्या रचना बहुतेक यातच खोचलेल्या असतात. तो पाण्यावर सोडायचा आणि वाट बघायची. हातानं दाबला तर आत कोरडी पोकळी राहते आणि तिथे खोचलेलं फूल संध्याकाळपर्यंत गळतं. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी हा फोम फुलांसाठी आणला आणि दुकानांचं काम सोपं झालं. पण हे प्लास्टिक आहे, कुजत नाही, त्याचा भुगा मातीत आणि पाण्यात जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत तो बंद केला. ताई आता तारेच्या जाळीचा गोळा भांड्यात बसवतात किंवा खिळ्यांची जपानी तबकडी, केन्झान. बाकीचा फोम संपला की पुन्हा आणायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय.

(दृश्य: फोनचा पडदा. गुच्छांच्या चित्रांची रांग खाली सरकते.)

आता ज्यासाठी हा माहितीपट केला, ते. मोबाइलवर "फुलं पाठवा" असं शोधलं की आधी ज्या साइट दिसतात त्यांतल्या कित्येकांचं दुकानच नसतं. बादली नाही, चाकू नाही, टेबल नाही. मागणी आणि पैसे घ्यायचे, स्वतःचा वाटा ठेवायचा आणि उरलेल्यात गुच्छ बांधायला पत्त्याजवळच्या कुठल्यातरी दुकानाला सांगायचं. चित्रात पंचवीस फुलं असतात, दुकानाच्या हातात पंधरांचे पैसे येतात. मी स्वतः एकदा आजारी मैत्रिणीला अशीच फुलं पाठवली होती. तिनं कौतुकानं फोटो पाठवला, आणि तो पाहून मला तिला खरं काय मागवलं होतं ते सांगवेना. त्या दुकानदाराचा मला तेव्हा फार राग आला होता. ताईंकडे दोन दिवस बसल्यावर कळलं की त्या बिचाऱ्यानं मिळालेल्या पैशांत जमेल तेवढं केलं असणार.

उपाय साधा आहे. ज्याला फुलं द्यायचीत त्याच्या पत्त्याजवळचं दुकान नकाशावर शोधा आणि थेट फोन लावा. दुकानाचा खरा पत्ता दिसतो का, बोलणारा माणूस दुकानातच उभा आहे का, ते बघा. ओळखायला एक प्रश्न पुरतो: "आज तुमच्याकडे ताजं काय आलंय?" ज्याच्यासमोर बादल्या आहेत तो लगेच सांगेल. मग रंग सांगा, बजेट सांगा, प्रसंग सांगा, आणि फुलं निवडणं त्यांच्यावर सोडा. अमुक चित्रातलं हुबेहूब हवं म्हणालात तर चित्रातलं शिळं फूल मिळेल. "पिवळं आणि पांढरं, प्रसन्न" म्हणालात तर आजचं सगळ्यात छान फूल मिळेल. रुग्णालयात पाठवायची असतील तर आधी विचारून घ्या, अतिदक्षता विभागात बहुतेक ठिकाणी फुलं चालत नाहीत. आणि सणावारांच्या, मोठ्या दिवसांच्या गर्दीत निदान आठवडाभर आधी सांगा.

ही फुलं इथवर येतात कुठून? केनियातल्या नैवाशा तलावाकाठून, कोलंबिया-इक्वेडोरच्या डोंगरांतून, किंवा शेजारच्याच हरितगृहातून. ती तोडणारे हात या चित्रफितीत नाहीत, पण ताईंच्या आधी त्यांनीच ती जपलेली असतात.

(दृश्य: छोटं कार्ड. ताई हातानं लिहितात. ओळ खोडतात, दुसरं कार्ड घेतात.)

मजकूर मुलीनं फोनवर सांगितला. ताईंनी तो आधी वहीत उतरवून परत वाचून दाखवला, कारण घरातलं लाडाचं नाव एका अक्षरानं चुकलं तरी चालत नाही. कार्डावर दुकानाचं नाव मागच्या बाजूला, बारीक. पुढे फक्त आईसाठीच्या दोन ओळी. त्या आम्ही जवळून दाखवणार नाही.

(दृश्य: गुरुवार, संध्याकाळ. देठांना ओल्या कापसाचं गुंडाळण. गाडी. जिना. दार.)

(इथे निवेदन नाही. दार उघडल्यापासून आई कार्ड वाचून होईपर्यंत दृश्य पूर्ण राहू द्या. आवाज जिन्यातला.)

(दृश्य: तेच घर, रविवार सकाळ. खिडकीजवळ काचेची फुलदाणी, शेजारी झोपलेलं मांजर.)

तिसरा दिवस. आईंनी रोज पाणी बदललंय, देठ नखभर छाटलेत, ताईंनी चिठ्ठीत लिहिलं होतं तसं. गुलाब पूर्ण उघडलेत, जरबेराची एक मान थोडी कलली आहे. लिसिअँथसच्या त्या दोन मिटलेल्या कळ्यांपैकी एक आज सकाळी उमलली. आईंनी तिचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला.